मी वेगळी, की माझं मत वेगळं?

पत्राचा सारांश: एका वाचक भगिनीचं पत्र आहे. नोकरीला बारा वर्षं झालेली, कामात पक्क्या. शिक्षण सगळं मराठीतून. इंग्रजी वाचलेलं समजतं, बोललेलं कळतं, पण लिहायची वेळ आली की हात अडखळतो. गेल्या वर्षापासून त्यांच्या गटात वेगवेगळ्या देशांतली माणसं आहेत, त्यामुळे सगळा कारभार इंग्रजी ईमेलवर चालतो. दोन महिन्यांपूर्वी वरिष्ठांनी एक योजना मांडली: नवी संगणक प्रणाली सगळ्यांसाठी एकाच दिवशी सुरू करायची. यांना वाटलं, ती टप्प्याटप्प्यानं सुरू व्हावी. त्यांनी लिहिलं, ‘आय ॲम डिफरिंग फ्रॉम यू.’ वरिष्ठांचं उत्तर एका शब्दाचं आलं, ‘नोटेड.’ मग एक सहकारी हसत म्हणाला, ‘तू साहेबांना सांगितलंस की मी तुमच्यापेक्षा वेगळ्या जातीचा प्राणी आहे. डिफर विथ यू म्हणायचं असतं.’ दुसरीनं सुचवलं, ‘आय बेग टू डिफर’ लिहायचं, ते सभ्य दिसतं. तिसऱ्यानं बजावलं, काहीही कर, पण ‘डिसॲग्री’ लिहू नकोस, फार उद्धट वाटतं. तेव्हापासून या प्रत्येक मेलला ‘ओके’ एवढंच लिहितात. गेल्या आठवड्यात चाचणीसाठी पाच दिवस ठेवले गेले. मागच्या वेळी त्याच कामाला अकरा दिवस लागले होते, हे माहीत असूनही त्या गप्प बसल्या. विचारतात: फ्रॉम बरोबर की विथ? कुठेही चालेल असं एखादं सभ्य वाक्य मिळेल का? आणि उशिरा इंग्रजी शिकलेल्यांनी इंग्रजीत असहमती दाखवायच्या भानगडीत पडावं का?

नमस्कार.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकते, म्हणजे तुमचा जीव भांड्यात पडेल. असहमती सांगताना ‘डिफर फ्रॉम’ वापरणं ही चूक नाही. इंग्रजी शब्दकोश या अर्थासाठी फ्रॉम आणि विथ दोन्ही देतात, आणि जुन्या औपचारिक लेखनात तर ‘मला यांच्या मताहून भिन्न मत नोंदवावं लागतं’ अशा अर्थानं ‘डिफर फ्रॉम’ सर्रास येतं. तुमच्या सहकाऱ्याचं हसू अर्ध्या ज्ञानावर उभं होतं. अर्ध्या म्हणते, कारण आजच्या वापरात माणसाशी मत जुळत नसेल तर ‘विथ’कडे कल जास्त आहे, आणि नुसत्या वेगळेपणासाठी ‘फ्रॉम’च लागतं. तुमच्या वाक्यात खटकणारी जागा होती ती ‘ॲम डिफरिंग’ ही. तिच्याकडे वळतेच, पण आधी या दोन शब्दयोगींची गाठ सोडवू, कारण ती सोडवायचं साधन तुमच्याकडे शाळेपासून आहे.

आपण विभक्तीचे प्रत्यय घोकले होते. पंचमी: ऊन, हून. पंचमीचा कारकार्थ अपादान, म्हणजे वियोग. एखाद्या ठिकाणापासून सुटून दूर होणं. ‘गावाहून आला’ यातला ‘हून’ तोच, आणि ‘हा रंग त्याहून वेगळा आहे’ यातलाही तोच. मराठीनं वेगळेपणासाठी दूर जाण्याचाच प्रत्यय निवडला. इंग्रजीनंही तेच केलं, फ्रॉम म्हणजे पासून. आता ‘शी’ घ्या. बोलणं कुणाशी, भांडण कुणाशी, सहमत कुणाशी, मतभेद कुणाशी. हा ‘शी’ समोर कोणीतरी असल्याशिवाय येत नाही, आणि ‘विथ’चंही तसंच आहे. म्हणून ‘ही यादी त्या यादीहून वेगळी आहे’ म्हणताना फ्रॉमच येणार, विथ कधीच नाही. यादीचे यादीशी मतभेद नसतात! आणि ‘या मुद्द्यावर माझे त्यांच्याशी मतभेद आहेत’ इथे विथ चपखल बसतो. अडलात तर मनात मराठी वाक्य म्हणून पाहा. ‘हून’ आला तर फ्रॉम, ‘शी’ आला तर विथ. दहातल्या नऊ वेळा एवढ्यावर भागतं.

बाकीचे सोबती पटकन सांगते. कशात फरक आहे हे सांगायला ‘इन’: आकारात, रंगात, किमतीत. किती फरक आहे ते सांगायला ‘बाय’: दोन उत्तरांत ३चा फरक असेल तर ती ‘डिफर बाय थ्री’. कोणत्या विषयावर मतं जुळत नाहीत ते सांगायला ‘ऑन’ किंवा ‘ओव्हर’. आणि ‘आय डिफर दॅट...’ असं वाक्य इंग्रजीत होत नाही. ‘दॅट’ लावून पुढे अख्खं म्हणणं मांडायचं असेल तर दुसरं क्रियापद शोधावं लागतं.

आता ‘ॲम डिफरिंग’. डिफर हे करण्याचं क्रियापद नाही, असण्याचं आहे. आपण मराठीत ‘हा कागद त्याहून वेगळा असत आहे’ म्हणत नाही, ‘वेगळा आहे’ म्हणतो. वेगळेपणा काही चालू-बंद होणारी क्रिया नाही. इंग्रजीतही म्हणूनच साधा वर्तमानकाळ येतो: ‘दे डिफर’, ‘इट डिफर्स’. आपल्याकडचे लोक ‘ॲम नोइंग’, ‘ॲम हॅविंग’ म्हणतात, त्याच पंगतीतलं हे ‘ॲम डिफरिंग’. ‘डिफरिंग’ हे रूप मात्र चुकीचं नाही. विशेषण म्हणून ते छान चालतं, ‘डिफरिंग व्ह्यूज’ म्हणजे भिन्न मतं. याच्या उलट टोकाची चूक ‘इज डिफर फ्रॉम’. तिथे दोन वाक्यांची खिचडी होते. एक तर ‘डिफर्स फ्रॉम’, नाही तर ‘इज डिफरंट फ्रॉम’.

‘डिफरंट’चा विषय निघालाच आहे तर, त्यापुढे फ्रॉमच हवा, ‘टू’ अशुद्ध, असा धाक अनेकांनी घेतलेला असतो. हेन्री फाउलर या इंग्रजी वापरकोशकारानं १९२६ सालीच या समजुतीला अंधश्रद्धा म्हटलं होतं. ब्रिटिश बोलण्यात ‘डिफरंट टू’ आणि अमेरिकी बोलण्यात ‘डिफरंट दॅन’ रोज ऐकू येतं. तुम्ही आपलं फ्रॉम लिहा, ते सगळीकडे चालतं; पण दुसऱ्याचं ‘टू’ पाहून हसू नका. हसणाऱ्यांचा अनुभव तुम्हाला आहेच.

या शब्दाच्या पोटात काय आहे ते सांगायचा मोह आवरत नाही, आणि ते तुमच्या प्रश्नाला धरूनही आहे. लॅटिनमध्ये ‘फेरे’ म्हणजे वाहून नेणं. संस्कृतातला ‘भृ’ धातू, ज्यातून आपला ‘भार’ आला, तो या फेरेचा लांबचा भाऊ. या फेरेला निरनिराळे उपसर्ग लागून इंग्रजीत मोठं कुटुंब झालं: ट्रान्सफर म्हणजे पलीकडे नेणं, रेफर म्हणजे मागे नेणं, प्रीफर म्हणजे पुढे ठेवणं, सफर म्हणजे खालून ओझं पेलणं, म्हणजेच सोसणं. डिफर म्हणजे वेगवेगळ्या दिशांना नेणं. गंमत अशी की आपले शब्दही असेच घडले आहेत. ‘भेद’ आणि ‘भिन्न’ दोन्ही ‘भिद्’ धातूतले, म्हणजे फोडणं. ‘फरक’ अरबीतून आला, त्याचाही मूळ अर्थ विलग करणं. तीन भाषांनी वेगळेपणाची कल्पना दूर करण्यातून, फोडण्यातूनच घडवली. मग एखाद्याला समोरासमोर ‘मी तुमच्याहून भिन्न’ म्हटलं की थोडा तडा गेल्यासारखं वाटतं, ते काही केवळ तुमच्या व्याकरणामुळे नाही.

या कुटुंबात एक जुळी बहीणही आहे, आणि तिनं मला एकदा चांगलंच तोंडघशी पाडलं. देवनागरीत लिहायला गेलं तर दोघीही ‘डिफर’च, म्हणून मी त्यांना दोन एफवाली आणि एक एफवाली म्हणते. दोन एफवाली आपली ओळखीची, फरक असणं; तिचा जोर पहिल्या अक्षरावर, ‘डि’वर. एक एफवालीत पहिलं अक्षर डी, दुसरं ई, आणि जोर शेवटी, ‘फर’वर. तिचे अर्थ दोन. एक, पुढे ढकलणं. दुसरा, पुढे ‘टू’ जोडून, समोरच्याच्या शब्दाला मान देऊन आपला आग्रह सोडणं. पुढे ढकलण्याच्या अर्थाची एक एफवाली आणि आपली दोन एफवाली मुळात एकाच लॅटिन शब्दातून निघाल्या आणि पुढे वेगळ्या झाल्या.

मी तेव्हा एका संस्थेसाठी भाषांतरं तपासत असे. त्यांनी पाठवलेल्या परिभाषेवर मी चार पानी आक्षेप लिहिले आणि शेवटी ठसक्यात वाक्य टाकलं की या मुद्द्यावर मी ‘डिफर’. एफ एकच पडला. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं: आपण मोठ्या मनानं आमचं म्हणणं मान्य केलंत, त्याबद्दल आभार. परिभाषा तशीच छापली गेली. चार पानं कोणी वाचलीच नसावीत, फक्त शेवट वाचला असावा, असा माझा आजवरचा संशय आहे. असो. जोर लक्षात ठेवला तर रूपंही सोपी जातात. जोर पहिल्या अक्षरावर असलेल्या डिफरला भूतकाळात ‘आर’ एकच राहतो. जोर शेवटी असलेल्या डिफरचा ‘आर’ दुप्पट होतो. म्हणजे जिथे एफ दोन तिथे आर एक, आणि जिथे एफ एक तिथे आर दोन.

आणखी एक गोंधळ तुमच्या पत्रात नाही, पण या सदराकडे तो वरचेवर येतो, म्हणून ओघात घेते. डिफर, डिफरन्शिएट आणि व्हेरी हे तीन शब्द लोक आलटूनपालटून वापरतात. मराठीत आपण फरक ‘असणं’, फरक ‘करणं’ आणि फरक ‘पडणं’ यांत घोळ घालत नाही. फरक असणं म्हणजे डिफर. फरक करणं, म्हणजे दोन गोष्टी वेगळ्या ओळखणं, म्हणजे डिफरन्शिएट. त्याला करणारा लागतो. फरक पडणं म्हणजे ‘मेक अ डिफरन्स’. आणि व्हेरी म्हणजे एकाच गोष्टीचं कमीजास्त होत राहणं, किंवा एकाच प्रकारच्या अनेक गोष्टींमध्ये विविधता असणं. दोन तापमापकांत दोन अंशांचा फरक दिसला तर ते ‘डिफर’ करतात. दिवसभरात तापमान वरखाली झालं तर ते ‘व्हेरी’ होतं.

आता तुमचा दुसरा प्रश्न, कुठेही चालेल असं सभ्य वाक्य. इथे मला तुमच्याशी थोडं डिफर व्हावं लागेल. तुम्ही धरून चालला आहात की सभ्यता वाक्याच्या साच्यात असते. साचा मिळाला की काम झालं. तुमच्या सहकाऱ्यांनीही तेच धरलं, म्हणून तिघांनी तीन साचे दिले. पण तुमचा मूळ ईमेल पुन्हा वाचा. त्यात वाक्य एकच होतं. योजनेत काय अडचण दिसते, टप्पे का हवेत, किती हवेत, एक शब्द नाही. समजा तुम्ही निर्दोष व्याकरणात ‘आय डिफर विथ यू’ एवढंच पाठवलं असतं. त्यावर ‘नोटेड’ सोडून दुसरं काय लिहिणार? वरिष्ठांना धरायला काही मिळालंच नाही. आणि ‘नोटेड’ म्हणजे रागच, हेही तुम्हीच ठरवलंत. घाईत असलेली माणसं ‘वाचलं, लक्षात ठेवतो’ एवढ्याच अर्थानं तो शब्द दिवसातून वीसदा लिहितात.

तरी सुचवलेले साचे एकेक करून तोलून पाहू, कारण पर्याय माहीत असलेले बरे.

‘आय बेग टू डिफर’ मधला ‘बेग’ म्हणजे परवानगी मागणं. जुन्या इंग्रजी पत्रव्यवहारात ‘कळवण्याची परवानगी असावी’ अशा थाटाची वाक्यं ‘बेग’नं सुरू होत. ती बहुतेक गेली. हे एक उरलं, आणि उरताना त्याला धार आली. आज ते बोलताना किंवा ईमेलमध्ये आलं की ऐकणारा सावरून बसतो. आपल्याकडे कोणी ‘क्षमा असावी, पण’ म्हणालं की पुढे काय येणार याचा अंदाज येतो ना, अगदी तसं. वादविवाद स्पर्धेत, लेखात, बरोबरीच्या मित्राशी थट्टेत ते छान. वरिष्ठांना पहिल्याच असहमतीत मी ते पाठवणार नाही. एक तर ते अवघडलेलं वाटेल, नाही तर टोमणा वाटेल.

‘डिसॲग्री’ उद्धट आहे हा समज मला मोडायचाच आहे. तो सरळ शब्द आहे, शिवी नाही. त्याची धार ठरते पुढे काय येतं यावर. ‘विथ यू’ म्हटलं तर माणूस समोर येतो. ‘विथ द टाइमलाइन’ म्हटलं तर वेळापत्रक समोर येतं. शिवाय त्यात एक स्पष्टपणा आहे जो डिफरमध्ये नाही. डिफर दोन्ही बाजूंनी सारखा लागू होतो. तुमचं मत माझ्याहून वेगळं असेल तर माझंही तुमच्याहून तितकंच वेगळं आहे, आणि कोण चूक हे शब्द सांगत नाही. डिसॲग्री म्हणजे तुम्ही ऐकून, वाचून, विचार करून ‘नाही’ म्हणालात. एखाद्या पुस्तकाशी तुम्ही डिसॲग्री करू शकता. पुस्तक बिचारं तुमच्याशी करत नाही. म्हणून जिथे तुमचा ठाम नकार नोंदला गेला पाहिजे, सुरक्षिततेचा, पैशाचा, कायद्याचा प्रश्न आहे, तिथे डिफरच्या आडोशाला उभं राहू नका. डिसॲग्री लिहा. आणि समोरचा आकडाच चुकला असेल तर तेही लिहू नका. आकडा चुकला आहे असं लिहा. बेरीज चुकली यावर मतभेद नसतात.

‘अग्री टू डिफर’ कोणी सुचवलं नाही तरी पुढे कधीतरी सुचवतील. मतं जुळत नाहीत हे दोघांनी मान्य करून वाद थांबवणं, असा त्याचा अर्थ. ‘अग्री टू डिसॲग्री’ हा त्याचाच भाऊबंद. जॉर्ज व्हाइटफील्ड आणि जॉन वेस्ली हे दोन धर्मोपदेशक. माणसाची मुक्ती आधीच ठरलेली असते का, यावर दोघांचं आयुष्यभर पटलं नाही. १७७० साली व्हाइटफील्ड वारल्यावर वेस्लींनी स्मृतिप्रवचन दिलं, आणि त्यात म्हटलं की कमी मूलभूत अशा तत्त्वांबाबत आपण असहमत राहण्यावर सहमत होऊ शकतो. त्यातलं ‘कमी मूलभूत’ लक्षात घ्या. चाचणीला पाच दिवस द्यायचे की अकरा, हा निर्णय व्हायलाच हवा. तिथे ‘अग्री टू डिफर’ म्हणजे पाच दिवसच झाले.

मग उरलं काय? तुमची मराठी.

मराठीत तुम्ही हेच वरिष्ठांना कसं सांगितलं असतंत? ‘मी तुमच्याहून वेगळी आहे’ असं नक्कीच नाही. तुम्ही म्हणाला असता, ‘माझं मत थोडं वेगळं आहे.’ कर्ता कोण? मत. तुम्ही नाही, साहेबही नाहीत. मराठीनं आपसूक दोन माणसं बाजूला काढली आणि दोन मतं शेजारी ठेवली. इंग्रजीत लिहिताना घाबरून तुम्ही हा कर्ता हरवलात आणि स्वतःला त्याच्या जागी उभं केलंत. तो परत आणा: ‘माय व्ह्यू डिफर्स फ्रॉम युअर्स.’ ‘यू’ नाही, ‘युअर्स’. मत मताहून वेगळं, माणसाहून नव्हे. आणि बघा, मत कर्ता झालं की फ्रॉम-विथचा वादही मिटतो. ‘मताहून वेगळं’ म्हणजे फ्रॉमच.

याच्याही पुढची पायरी मला जास्त आवडते. मतही बाजूला ठेवा आणि ज्यावरून मत बनलं ते कर्ता करा. ‘आवर एस्टिमेट्स डिफर’, आपले अंदाज जुळत नाहीत. ‘द टू लिस्ट्स डिफर’, दोन याद्या वेगळ्या आहेत. डिफर या क्रियापदाला वस्तू कर्ता म्हणून फार मानवतात. तो त्याचा घरचा अर्थ आहे. ‘मी’ कर्ता झाला की तेच क्रियापद ताठर होतं. आणि अंदाज जुळत नाहीत म्हटलं की पुढचं वाक्य आपोआप मागितलं जातं: का जुळत नाहीत? तिथे तुमची बारा वर्षं कामाला येतात.

मराठीतून इंग्रजीत नेताना दोन जागी मात्र जपा. आपल्याकडे विरोध करण्याआधी ‘तुमचं बरोबर आहे, पण’ म्हणायची रीत आहे. ती नुसती मन राखण्यासाठी असते, हे बोलणाऱ्यालाही माहीत असतं आणि ऐकणाऱ्यालाही. इंग्रजी ईमेलमध्ये ‘यू आर राइट, बट’ लिहिलंत तर पहिले तीन शब्द लेखी संमती म्हणून वाचले जाऊ शकतात. खरोखर जे पटलं आहे तेवढंच नेमकं मान्य करा: तारीख पटली असेल तर तारीख, खर्च पटला असेल तर खर्च. दुसरी जागा ‘तसं नाही’ची. आपण ते सहज म्हणतो. ‘नॉट लाइक दॅट’ झालं की ते इंग्रजीत लटकतं, आणि काय तसं नाही हे कळतच नाही.

सौम्यपणाचा अतिरेकही नको. ‘कदाचित माझंच चुकत असेल’, ‘मला नीट समजलं नसेल’, ‘लहान तोंडी मोठा घास’ या अर्थाची तीन वाक्यं आधी घातली की चौथ्या वाक्यातला अकराचा आकडा कोणी वाचत नाही. एखादं पुरे.

तिसऱ्या प्रश्नावर मी थोडक्यातच बोलणार आहे. उशिरा इंग्रजी शिकलेल्यांनी असहमती दाखवावी का? तुम्ही गप्प बसलात त्या दिवशी गटातल्या कोणाला कळलं की मागच्या वेळी अकरा दिवस लागले होते? ती माहिती तुमच्याकडे होती. ‘ओके’ हा शब्द व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे, आणि तरी तो तुमच्या सगळ्या पत्रव्यवहारातला सर्वांत चुकीचा शब्द होता. तुमच्या गटातल्या परदेशी सहकाऱ्यांपैकी अनेकांचीही इंग्रजी मातृभाषा नसेल. ते तुमचं शब्दयोगी तपासत बसलेले नाहीत. त्यांना काम वेळेत संपवायचं आहे.

हसणाऱ्या सहकाऱ्याबद्दल तुम्ही बरंच लिहिलं आहे, ते मी छापलेलं नाही. त्याला पुन्हा विचारायचंच असेल तर ‘हे बरोबर आहे का’ असं विचारू नका, ‘यातून तुला काय कळलं’ असं विचारा. त्याला दिवसांचा हिशोब कळला तर ईमेल पाठवण्याजोगा झाला. त्याला पुन्हा फक्त फ्रॉम दिसला तर पुढच्या वेळी दुसऱ्या कोणाला विचारा.

चाचणीचा निर्णय पुढच्या बैठकीत पक्का होणार आहे असं तुम्ही म्हणता, म्हणजे अजून वेळ आहे. मी लिहिलं असतं ते असं, मराठीत. इंग्रजी तुम्हीच करा, वाक्यं मुद्दाम लहान ठेवली आहेत:

‘सुरुवातीची तारीख मला मान्य आहे. चाचणीच्या दिवसांबाबत मात्र आपले अंदाज जुळत नाहीत. योजनेत ५ दिवस आहेत. मागच्या वेळी याच कामाला ११ दिवस लागले. त्याचा तपशील सोबत जोडला आहे. ५ दिवसांत करायचंच असेल तर काय वगळायचं, हे आधी ठरवावं लागेल. बैठकीत यासाठी १० मिनिटं मिळतील का?’

दुसरं वाक्य इंग्रजीत ‘आवर एस्टिमेट्स डिफर ऑन द टेस्टिंग डेज’ असं सरळ होईल. आधी कोणाची माफी मागायची गरज नाही, शेवटी आभारांची माळही नको. ‘आय’ त्यात जिथे लागेल तिथे येऊ द्या, डिफरच्या आधी मात्र नको.

पाठवण्यापूर्वी एकदाच नजर टाका, एफ दोन पडले आहेत ना ते.